ॲक्वेरियम लावताना आधी झाडं, मग मासे



परिसर अभ्यास शिकवताना अन्नसाखळी, परिसंस्था, सजीवांचं एकमेकांवर अवलंबून असणं हे सगळं आपण फळ्यावर बाण काढून समजावतो. लेकरं बाण पाठ करतात. हेच बाण एका काचेच्या टाकीत रोज चालताना दाखवता येतात. आजच्या लेखात वर्गात किंवा घरी पाणवनस्पतींचं पहिलं ॲक्वेरियम कसं लावायचं ते पाहू. या कामाला ॲक्वास्केपिंग म्हणतात. सोप्या भाषेत पाण्याखालची बाग.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काचेचा गोल बाउल, त्यात रंगीत खडे, प्लॅस्टिकचं एक झाड आणि दोन गोल्डफिश, हे ॲक्वेरियम नव्हे. गोल्डफिश वाढला की वीतभर होतो आणि घाणही भरपूर करतो. बाउलात तो बहुधा लवकर मरतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे, दुसरा आणू." लेकरू त्या एका वाक्यातून काय शिकतं याचा विचार पालकांनी जरूर करावा.

मासा कशाने मरतो?

उपाशी राहून मासा क्वचितच मरतो. तो मरतो स्वतःच्या घाणीने. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात जातो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं, पण मासा त्यात जळत असतो.

हे आपल्या शेतकऱ्यांच्या लेकरांना समजावणं अवघड नाही. शेतात युरिया टाकला की जमिनीत त्याचा आधी अमोनिया होतो. मातीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि पिकाची मुळं ते ओढून घेतात. टाकीतही अगदी हेच घडायला हवं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि झाडांना ते खत म्हणून चालतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. वाळूवर, दगडांवर, पानांवर त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले तर मधल्या काळात माशाचं काय होणार, हे लेकरं स्वतःच सांगतील.

याची एक सुंदर गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील असा त्याचा हिशोब होता. पण व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. मासा, झाड आणि गोगलगाय असे तीन भिडू जमले तेव्हा टाकी चालली. चौथा भिडू, म्हणजे जिवाणू, त्याला तेव्हा माहीत नव्हता. गंमत म्हणजे त्याचाच मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन, पुढे इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या याच नायट्रीकरणावर कित्येक वर्षं काम करत होता. अमोनियाचं नायट्रेट दोन टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्प्याचे जिवाणू वेगळे असतात, हे त्याच्या प्रयोगांतून दिसलं. ते जिवाणू वेगळे काढून दाखवले विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९० च्या सुमारास. बापाच्या टाकीतलं उत्तर मुलाला शेतातल्या मातीत सापडलं. ही गोष्ट सातवी-आठवीच्या वर्गात सांगून पाहा, युरियाचं पोतं आणि फिश टँक एकाच धाग्यात बांधले जातात.

आपल्या भागाचं पाणी, ऊन आणि लाईट

ॲक्वेरियमचे व्हिडिओ बघितले तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, महागडे दिवे, चोवीस तास चालणारे फिल्टर असं बरंच काही दिसतं. चुडाव्यासारख्या गावात त्याचा उपयोग नाही. लाईट गेली की फिल्टर बंद, पंप बंद. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे माशाला प्राणवायूची गरज जास्त लागते तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षाराचं. हंड्यावर पांढरा थर बसतो तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. असं पाणी अल्कधर्मी असतं, आणि अल्कधर्मी, कोमट पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो.

म्हणून माझं मत असं आहे की आपल्याकडे झाडांनी भरलेली टाकी ही हौस नसून तीच टिकणारी टाकी आहे. झाडं अमोनिया थेट शोषून घेतात. लाईट गेली तरी खिडकीच्या उजेडात त्यांचं काम चालू राहतं. आणि क्षाराच्या पाण्याचं काय? व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट या वनस्पती जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेऊ शकतात, सिलिंडर लागत नाही. काही दिवसांनी त्यांच्या पानांवर चुन्याची खरखरीत साय जाणवते, ती याचीच खूण. लेकरांना बोटाने चाचपून बघू द्या.

माशांमध्येही गप्पी निवडा. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे आरोग्य खात्याच्या भिंतींवरचं वाक्य लेकरांच्या ओळखीचं असतं. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा हा मासा जड पाण्यात मजेत राहतो.

टाकी, आणि टाकीआधीचं गणित

६० × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी पहिल्यांदा पुरेशी आहे. फार लहान टाकी सोपी वाटते, पण तिच्यात पाणी लवकर बिघडतं आणि लवकर तापतं. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेची टाकी ॲक्वेरियमवाले सिलिकॉन लावून बनवून देतात. नवी टाकी दोन दिवस पाणी भरून अंगणात ठेवा, गळती असली तर तिथेच कळेल.

इथे पाचवीच्या वर्गाला घनफळाचा चांगला तास मिळतो. टाकीचं घनफळ ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. पण तळाला अडीच सेंटिमीटर माती, त्यावर सरासरी पाच सेंटिमीटर वाळू, आणि वर तीन सेंटिमीटर मोकळं सोडायचं. मग पाण्याची उंची उरते साडेएकोणीस सेंटिमीटर. १८०० ला १९.५ ने गुणा. जेमतेम ३५ लिटर! मासे किती ठेवायचे हे या ३५ वरून ठरतं, ५४ वरून नाही. वजनही काढायला लावा. पाणी, वाळू, माती, दगड आणि काच मिळून सत्तर किलोंच्या पुढे जातं, म्हणजे वर्गातला डुगडुगणारा बाक चालणार नाही. भिंतीला टेकवलेला भक्कम ओटा किंवा लोखंडी टेबल हवं, टाकीखाली थर्माकोलची शीट. जागा खिडकीजवळची असावी, पण टाकीवर थेट ऊन पडता कामा नये. पाण्याजवळची वायर आधी खाली लोंबून मग बोर्डाकडे वर जाईल अशी ठेवा. वायरीवरून ओघळलेलं पाणी मग खालच्या टोकाला थेंब थेंब पडून जातं, बोर्डापर्यंत पोचत नाही. बटणांना हात फक्त शिक्षकांनी लावायचा.

माती, वाळू, दगड

तळाला आपली काळी मातीच चालते. तिच्यातली बारीक चिकणमाती अन्नद्रव्यं धरून ठेवते. पण ती फुगते आणि हलली की पाणी चहासारखं करते, म्हणून तयारी लागते. गेल्या वर्षभरात जिथे खत, तणनाशक किंवा फवारणी झालेली नाही अशा जागेची माती घ्या. ही अट सोडू नका. ढेकळं फोडून, काड्या आणि चुनखडीचे खडे वेचून चाळणीने चाळा. घमेल्यात पाणी घालून कालवा, वर तरंगणारा कचरा ओता, मग उन्हात वाळवा. असं तीन-चार वेळा करा. शेवटी तिच्यात निम्मी जाडसर वाळू मिसळून अडीच सेंटिमीटरचा थर पसरा. जास्त जाड थर नको. हवा न मिळाल्याने तो आतून सडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. वर धुतलेल्या वाळूचा थर. वाळू इतकी धुवा की बादलीतलं पाणी निवळ दिसावं. हे काम लेकरं आनंदाने करतात, फक्त कपडे भिजतात.

दगडासाठी दुकानात जायची गरज नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर वसलेला आहे आणि हा दगड पाण्यात सहसा काही सोडत नाही. त्यात कुठे पांढऱ्या शिरा किंवा गाठी दिसल्या तर त्यावर व्हिनेगरचे नाहीतर लिंबाच्या रसाचे थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे, तो दगड बाजूला ठेवा. फसफसलं नाही तर चालेल. हीच परीक्षा वाळूचीही करा. आम्ल आणि कार्बोनेटचा प्रयोग इथे आयताच होऊन जातो.

लाकूड घ्यायचं तर साल निघालेलं, पूर्ण वाळलेलं, कठीण घ्या. उकळून, बुडेपर्यंत पाण्यात ठेवा. कडुलिंबाचं लाकूड मात्र नको, कडुलिंब माशांना घातक आहे. अनेक शाळांच्या आवारात देशी बदामाचं झाड असतं. त्याचं गळून वाळलेलं एखादं पान धुऊन टाकीत टाकता येतं. मासे पाळणारे लोक हे पान मुद्दाम विकत घेतात. पाणी किंचित पिवळसर होतं, त्याने बिघडत काही नाही.

मांडणी

ॲक्वास्केपिंगमधलं सगळ्यात मोठं नाव जपानच्या ताकाशी अमानो यांचं. जन्म १९५४, मृत्यू २०१५. ते आधी व्यावसायिक सायकलपटू होते, मग निसर्गाचे छायाचित्रकार झाले. जंगलात, नदीकाठी जे पाहिलं त्याचा भास टाकीत उभा करायचा ही त्यांची पद्धत. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ मध्ये त्यांनी मांडलेली टाकी ४० मीटर लांब होती. आपल्या दोन फुटी टाकीला त्यांच्याकडून तीन गोष्टी घेता येतात. वाळू मागे उंच आणि पुढे उतरती ठेवायची, त्याने खोली वाटते. मोठा दगड बरोबर मध्ये न ठेवता लांबीच्या एक तृतीयांशावर ठेवायचा आणि बाकीचे लहान दगड त्याच्या जवळ, त्याच दिशेने झुकलेले. आणि पुढे थोडी मोकळी वाळू सोडायची.

जपानच्या डोंगरांची नक्कल मात्र करू नका. आपल्या तालुक्यात कंठेश्वरला पूर्णा नदी गोदावरीला मिळते. लेकरांनी नदीकाठ पाहिलेला असतो. दगड कसे अर्धे वाळूत रुतलेले असतात, गवत कुठे दाट आणि कुठे विरळ, धार कुठून वळते, हे त्यांना आधी कागदावर काढू द्या. मग एका परातीत वाळू घेऊन तीच मांडणी करून बघायची. कोरड्यात दहा वेळा बदला, पाणी भरल्यावर हात घालायचा नाही. वाळूवर नुसते ठेवलेले दगड खोटे वाटतात. एक तृतीयांश भाग गाडला की ते तिथलेच वाटतात. चित्रकलेत मागे राहणारी काही लेकरं इथे सगळ्यांच्या पुढे असतात, हे तुम्हालाही दिसेल.

लागवड

मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया, रिबिनीसारखी लांब पानं असलेली. तिचा गड्डा वाळूच्या वर राहिला पाहिजे. कोपऱ्यांत हायड्रिलाच्या पाच-सहा काड्यांच्या जुड्या. प्रकाशसंश्लेषणाच्या उपड्या नरसाळ्याच्या प्रयोगात वापरतो तीच ही हायड्रिला. कॅनॉलमधून किंवा तळ्यातून आणली तर तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून मग स्वच्छ धुवा, नको असलेले किडे आणि गोगलगायींची अंडी कमी होतात. मध्यभागी नांदेड-परभणीच्या दुकानांत मिळणारं क्रिप्टोकोरीन. पहिल्या पंधरा दिवसांत त्याची पानं विरघळल्यासारखी गळतात. मेलं म्हणून उपटू नका, मुळं जिवंत असतात. जावा फर्न आणि ॲनुबियास यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर सडतं, त्यांना दोऱ्याने दगडावर बांधायचं. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त तळ झाकेल इतकी झाडं लावा. कंजूषपणाने चार काड्या लावल्या तर उरलेली जागा शेवाळ घेतं.

पश्चिम घाटातल्या ओढ्यांतली, सड्यांवरची झाडं कोणी "अस्सल देशी" म्हणून सुचवेल. कासच्या पठारावरचा वायतुरा हे त्यातलं दुर्मीळ उदाहरण, तो फक्त सह्याद्रीतच आढळतो. त्याला हात लावायचा नाही. सहल तिकडे गेली तर जागेवर बघायचा.

पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू ओता. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, म्हणून ते उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवून मग वापरा. बोअरचं असेल तरी बादलीतून बादलीत ओतून हवा मिळू द्या. उजेडासाठी साधी पांढरी एलईडी पट्टी पुरते, रोज सहा ते आठ तास. शाळेची वेळ साधारण तेवढीच असते. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ असं नाही, जास्त शेवाळ.

मासे नसलेली टाकी

आता पाठाचा खरा भाग सुरू होतो. पुढचे चार ते सहा आठवडे टाकीत मासे नाहीत. रोज चिमूटभर खाद्य तेवढं टाकायचं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. "सर, मासे कधी?" हा प्रश्न रोज येईल. पालकही विचारतील. नमू नका. बघायला भरपूर असतं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर येतो, तो पुसला की पुढे आपोआप कमी होतो. व्हॅलिस्नेरिया वाळूखालून धुमारा सोडते आणि चार बोटांवर नवं रोप उगवतं. एका पानाला दोरा बांधून आठवड्याला पट्टीने लांबी मोजायची आणि आलेख काढायचा. दुपारी हायड्रिलावर दिसणारे बुडबुडे सकाळी शाळा उघडताना का नसतात, हा प्रश्न फळ्यावर लिहून दोन दिवस तसाच ठेवा. उत्तर लगेच सांगू नका.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायच्या पट्ट्या किंवा किट मिळालं तर उत्तम. दोन्ही शून्य दिसले आणि झाडांना नवी पानं फुटत असली की मासे आणा. पहिल्यांदा फक्त पाच-सहा गप्पी, आणि शक्यतो सगळे नर. मादी आणली तर दर महिन्याला पिल्लं होतील आणि ३५ लिटरचा हिशोब कोलमडेल. पिशवी टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घालून मासे सोडा. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. खाद्य घालण्याची पाळी एका वेळी एकाच मुलाकडे द्या, नाहीतर चाळीस हात चाळीस चिमटी टाकतात. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले तर प्राणवायू कमी पडतोय. रात्री झाडंही प्राणवायू वापरतात हे तेव्हा नीट कळतं. तांब्याने वरून पाणी ओतत राहा आणि दाटी कमी करा.

सुरुवात जूनअखेर किंवा जुलैत करावी. तेव्हा ऊन मवाळ असतं आणि दिवाळीपर्यंत सलग दिवस मिळतात. चांगली झाडं असलेल्या टाकीत मोठे गप्पी आठवडाभर खाद्याशिवाय राहतात, पण दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी एकदा येऊन बघावं. कडाक्याच्या थंडीत टाकी रात्री खिडकीच्या गार वाऱ्यापासून दूर, गोणपाटाने झाकलेली बरी. मे महिन्यासाठी मात्र मार्चमध्येच ठरवा, मासे कोणाच्या घरी जाणार आणि टाकीत पाणी कोण भरणार. ज्या शाळेत हे ठरणार नसेल तिथे नुसत्या झाडांची टाकी ठेवावी. तीही अपुरी नसते.

उरलेलं कुठे टाकायचं?

झाडं वाढली की दर पंधरा दिवसांनी छाटावी लागतात. ती छाट कॅनॉलमध्ये किंवा नदीत टाकायची नाही. जलपर्णी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर गेली ती तिच्या जांभळ्या फुलांच्या हौसेने, आणि आज पुण्याच्या नद्या दरवर्षी तिने झाकून जातात. उलट आपली साधी हायड्रिला १९५० च्या दशकात ॲक्वेरियमच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडात पोचली आणि तिथले तलाव, कालवे तिने तुंबवले. एकीकडची शोभा दुसरीकडची डोकेदुखी झाली. 'टाकी साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर मासा फूटभर वाढतो, मग लोक तो तळ्यात सोडतात. आता उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आणि जाळी फाडतो. तो विकत घेऊच नका.

गप्पीचंही तसंच. आरोग्य खातं तो डासांच्या अळ्यांसाठी साचलेल्या पाण्यात सोडतं, ते काम त्यांच्या सल्ल्यानेच व्हावं. वाहत्या पाण्यात सोडला तर आपल्या लहान देशी माशांच्या जागेवर तो बसतो. जास्तीचे मासे दुसऱ्या शाळेच्या टाकीला द्या. छाटलेली झाडं उन्हात कडकडीत वाळवून खतखड्ड्यात टाका, आणि आठवड्याला टाकीतून काढलेलं सात-आठ लिटर पाणी परसबागेतल्या वांगी-टोमॅटोला घाला. त्यात नायट्रेट असतं. कोणत्या वाफ्याला टाकीचं पाणी घातलं आणि कोणत्या वाफ्याला साधं, याची वहीत नोंद ठेवायला सांगा.